साडेआठचं रीडिंग

मोबाइल तळहातावर आडवा ठेवायचा, तळहात डोळ्यांच्या रेषेत आणायचा, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखून आकडा वाचायचा. काठोकाठ भरलेलं फुलपात्र धरावं तसा ते मोबाइल धरत. आकडा स्थिर झाला की आधी तो मोठ्याने म्हणत, मग खिशातलं पेन काढून वहीत लिहीत आणि त्यानंतरच समोरच्या माणसाकडे पाहत. समोरचा माणूस एव्हाना वैतागलेला असे. मग ते हसून म्हणत, "मोजल्यानं कमी होते काय?"

समोरचा माणूस बहुतेक वेळा मीच असायचो. आर्णीत घरोघरी इंटरनेटची लाइन देणं हा माझा धंदा. आधी केबल टीव्हीचं काम होतं, ते मोबाइलनं खाल्लं, मग त्याच खांबांवरून ही नवी तार ओढली. या धंद्यात गिऱ्हाइकं दोन प्रकारची असतात. लाइन गेली की फोन करणारी, आणि लाइन असतानाही 'गेली काय?' म्हणून विचारणारी. हे तिसऱ्याच प्रकारचे. लाइन चालू आहे आणि आज तिचा स्पीड किती येतो आहे, हे सांगायला रोज फोन करणारे. सकाळी साडेआठला माझा फोन वाजला की बायको न बघताच म्हणायची, "घ्या, तुमचं हवामान खातं आलं."

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. रोज वजनकाट्यावर उभा राहणारा, किंवा पेट्रोल भरलं की गाडीचे किलोमीटर लिहून ठेवणारा. आपण त्याला हसतो. मीही पुष्कळ हसलो.

त्यांचं नाव सांगत नाही. सगळे त्यांना तोंडावर काकाजी म्हणत आणि पाठीमागे पाऊसबाबू. त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीत गेली. कचेरीच्या आवारात पाऊस मोजायचं नळकांडं होतं, त्याचं रीडिंग घ्यायचं काम वीसेक वर्षं त्यांच्याकडे होतं. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला, एका हातात छत्री सांभाळत, ते नळकांड्यातलं पाणी काचेच्या मापात ओतत, माप डोळ्यांसमोर धरत आणि आकडा वहीत लिहीत. रविवारीसुद्धा. स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशीही ते रीडिंग घ्यायला गेले होते, अशी कचेरीत दंतकथा होती. मी एकदा विचारलं तर गंभीरपणे म्हणाले, "खोटं हाये. लग्न मे महिन्यात झालं. मे महिन्यात कायचं रीडिंग?"

एका वर्षीचं रीडिंग मात्र सगळ्या तालुक्याच्या लक्षात राहिलं. एका दिवसात पासष्ट मिलिमीटर पाऊस पडला तर सरकारी कागदावर ती अतिवृष्टी. त्याच्या आत राहिला तर तो नुसता पाऊस, आणि मग पंचनाम्याचं घोडं अडतं. त्या दिवशी काकाजींच्या मापात चौसष्ट पॉइंट दोन आलं. दुपारपर्यंत कचेरीसमोर माणसं जमली. त्यांत माझा बापही होता, आमचं चार एकर सोयाबीन पाण्याखाली होतं. कोणीतरी हात जोडून म्हणालं, "बाबू, एक चमचा पाणी टाका ना मापात. तुमच्या घरचं काय जाते?"

काकाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता, असं बाप सांगायचा. पण ते म्हणाले एवढंच, "मोजलं तेच लिहिलं भाऊ. माझ्या हातात मोजणं हाये. पाडणं नाई."

त्यानंतर वर्षभर त्यांच्या घरी हळदीकुंकवाला कोणी बाई गेली नाही. माझा बाप तर शेवटपर्यंत त्यांना 'तो चौसष्टवाला' म्हणत राहिला.

म्हणून बऱ्याच वर्षांनी तेच काकाजी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले आणि "घरी लाइन पाह्यजे" म्हणाले, तेव्हा मी मुद्दाम सांगितलं, "तार सरली काकाजी. पुढच्या हप्त्यात या." तार माझ्या मागेच ढीगभर पडली होती. ते दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आले. तिसऱ्या दिवशीही आले. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि म्हणाले, "तार दीडशे मीटर तरी अशीन. माझं घर खांबापासून अडतीस मीटर हाये. मोजलं म्या." मी निमूटपणे शिडी उचलली.

लाइन हवी होती मुलीसाठी. त्या हिवाळ्यात त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, वारल्या होत्या. मुलगी, जिला आम्ही ताई म्हणायचो, पुण्यात एका विमा कंपनीच्या कामाला होती. लोक अडचणी घेऊन फोन करतात, त्यांना उत्तरं द्यायची, असं ते काम. वडील एकटे पडले म्हणून तिनं घरून काम करायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. अट एकच, लाइन अखंड पाहिजे. बोलता बोलता फोन तुटला की कंपनीकडे त्याची आपोआप नोंद होते. अशा नोंदी वाढल्या की परवानगी रद्द, पुण्याला परत. ताई महिन्याभरासाठी म्हणून दोन बॅगा घेऊन आली आणि राहिली.

जोडणी झाली त्या दिवशी स्पीड कसा मोजायचा ते मीच काकाजींना दाखवलं. बटण दाबायचं, काटा वर चढतो, आकडा येतो. एकोणचाळीस एमबीपीएस आलं. आमच्याकडे तेव्हा चाळीसच्या वर काही नव्हतंच, त्यामुळे मी खूश.

"रोज इतकंच येते काय?" त्यांनी विचारलं.

"कमी-जास्त होते काकाजी. पावसासारखं हाये ते."

मी काय बोलून बसलो ते मला दुसऱ्या दिवशी साडेआठला कळलं. फोन उचलला तर पलीकडून आवाज, "छत्तीस पॉइंट चार. हवा कोरडी."

त्यांनी दोनशे पानी वही घेऊन कचेरीच्या नमुन्याप्रमाणे रकाने आखले. तारीख, वेळ, आकडा, शेरा. पण एकट्या नळकांड्याचा आकडा काही सांगत नाही, शेजारच्या महसूल मंडळात किती पडला तेही पाहावं लागतं, हा त्यांचा नोकरीतला धडा. तेव्हा ते वही काखेत मारून गल्लीत निघाले. "तुमच्याकडं किती येते?" हा प्रश्न आमच्या गल्लीत त्याआधी फक्त नळाच्या बाबतीत विचारला जायचा.

समोरच्या गुरुजींनी छाती पुढे काढून सांगितलं, "चाळीस!" काकाजींनी त्यांच्या ओट्यावर बसून मोजलं. अठरा. गुरुजी म्हणाले, तुमचा मोबाइल जुना आहे. काकाजींनी गुरुजींच्या मोबाइलवर मोजलं. सतरा. त्या दिवशी गुरुजींनी मला फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण काकाजी तिथे थांबले नाहीत. ते खोल्याखोल्यांतून मोजत मोजत शेवटी एका लोखंडी कपाटापाशी आले आणि म्हणाले, "उघडा." गुरुजींनी चोरी होऊ नये म्हणून राउटर कपाटात कुलपाखाली ठेवला होता. तो बाहेर काढला आणि आकडा चौतीसवर गेला. मी दोनदा शिडी लावून गेलो होतो, मला सापडलं नव्हतं.

गुरुजींनी आभार मानले नाहीत, कारण मधल्या काळात दुसरंच घडलं. त्यांच्या पुतणीला पाहायला दिग्रसची मंडळी आली. पोहे झाले, आणि मुलगा म्हणाला की लग्नानंतरही हिनं शिकावं, माहेरी आल्यावर अभ्यासाला वायफाय असेल ना? गुरुजी म्हणाले, "हाये ना, फर्स्टक्लास!" शेजारी म्हणून बोलावलेले काकाजी कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "हाये, पण मागच्या खोलीत सहाच येते. अभ्यास पुढच्या खोलीत करा म्हणा." लग्न जमलं. काकाजींना मात्र आमंत्रण तोंडीच गेलं, पत्रिका गेली नाही. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "मागच्या खोलीत सहा येते तं सहाच सांगन ना म्या," ते मला म्हणाले, आणि वर पुन्हा, "सांगतल्यानं कमी झालं काय?"

ते दोन-तीन महिने त्यांच्या घरातले चांगले दिवस होते. दारावरून जावं तर आतून ताईचा आवाज यायचा, "हां सर, आपली अडचण मी समजू शकते." बाहेर ओट्यावर काकाजी पोळ्यांची कणीक मळत बसलेले असत आणि कोणी मोठ्यानं बोललं तर ओठांवर बोट ठेवत. त्यांच्या दारापुढे गाडीचा हॉर्न वाजवायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

मार्चात वांदरं आली. दर वर्षी महागाव रोडच्या चिंचांवरून ती टोळी गावात उतरते आणि माझ्या तारांना झोके घेते. एका हुप्प्यानं काकाजींच्या गल्लीची तार मुळासकट ओढली. ताईचा फोन मधेच तुटला आणि कंपनीत पहिली नोंद झाली. तार जोडायला मला दोन तास लागले. काकाजी शिडीखाली उभे राहून वर पाहत होते. रागावले नाहीत. मी खाली उतरलो तेव्हा स्वतःशीच म्हणाले, "साडेआठले एकदा मोजून भागत नाई. पाऊस तं दिवसभर पडते."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. ते मनात काय ठरवत होते ते मला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं, धंदा माझा होता.

त्यानंतर लाइन बिघडली ती बिघडलीच. वांदरं गेली, तार नवी होती, तरी ताईचे फोन रोज तुटायला लागले. "भाऊ, मी बोलत असते आणि समोरच्याचा आवाज घरघरतो, शब्द तुटतात," ती सांगायची. "अर्ध्या-एक मिनिटानं आपोआप नीट होतं. पण तोवर तो वैतागून फोन ठेवून देतो." दिवसातून सहा-सात वेळा असं व्हायचं.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे माझी अक्कल तुम्हाला कळेल. तारेची दोन्ही टोकं कापून नव्यानं जोडली. राउटर बदलला. बैठकीतला राउटर ताईच्या खोलीत नेला. खांबावरचा डबा बदलला. खारीनं तार कुरतडली असेल म्हणून अडतीस मीटर तार बोटानं चाचपत गेलो. ज्यांच्याकडून मी लाइन घेतो त्या वरच्या कंपनीला फोन केला, ते म्हणाले इथून सगळं हिरवं दिसतंय. ताईच्या लॅपटॉपवर संशय घेतला, तिनं दुसरा मागवला. तरी तेच. मी बायकोला म्हटलं, या घरावर कोणाची नजर लागली. ती म्हणाली, "तुमच्या बापाची."

शेवटी मी एक दुपार त्यांच्याच घरी बसून काढली. म्हटलं, लाइन माझ्यासमोर जाऊ दे. बारा ते चार बसलो. काकाजींनी दोनदा चहा केला, एकदा चिवडा दिला, तहसीलदारांच्या गोष्टी सांगितल्या. आणि त्या चार तासांत लाइन एकदाही गेली नाही. लोकांच्या ओट्यावर बिनदिक्कत मोजणारा हा माणूस स्वतःच्या घरी पाहुणा बसला की मोबाइलला हात लावत नसे. काकूंची शिस्त होती ती. "घरी आलेल्या मानसापुढं मोबाइल पाहू नये," त्या म्हणायच्या. ती शिस्त काकाजींनी त्यांच्यामागेही पाळली. मी कौतुकच केलं होतं.

निघताना ते मला फाटकापर्यंत सोडायला आले. तिथे त्यांनी फाटकाची कडी हातात धरली.

"भाऊ, कसंबी करा, पण हे लाइन नीट करून द्या," ते म्हणाले. "काकू गेली तवापासून म्या कुकर लावला नव्हता. एकट्यासाठी कायले लावाचा? भांड्यातच भात टाको. पोरगी आली आन कुकर माळ्यावरून खाली उतरला. ते गेली का तो पुन्हा वर जाईन."

"करतो काकाजी," म्हणालो. चौसष्ट पॉइंट दोनचा काटा माझ्या मनात कुठेतरी होता, तो त्या फाटकापाशी निघून गेला. आता त्यांच्यासाठी मी काहीही केलं असतं. पण काय करायचं, हेच कळत नव्हतं.

कंपनीनं ताईला एक ताकीद दिली, मग दुसरी दिली. मग एका सोमवारी परवानगी रद्द झाल्याचा मेल आला. ती दोन बॅगा घेऊन निघाली. मी माझ्या गाडीवर एक बॅग घेऊन स्टँडवर गेलो, कारण तेवढंच माझ्याच्यानं होण्यासारखं होतं. काकाजी पाण्याची बाटली आणायला गेले तेव्हा तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला. कंपनीनं दिलेली यादी होती, कोणत्या तारखेला किती वाजता फोन तुटला त्याची.

"वरच्या कंपनीला तक्रार करताना लावा भाऊ. बाबांना दाखवली नाही मी. एकेक ओळ मनाला लावून घेतील."

काकाजी बाटली घेऊन आले. पिशवीतून त्यांनी आपली वही काढली आणि माझ्या हातात दिली. "हेबी लावा. सगळं रीडिंग हाये. पुरावा पाहून परवानगी वापस भेटन तिले." गाडी लागली. ती खिडकीतून म्हणाली, "बाबा, रोज आकडा पाठवा." काकाजींनी मान हलवली. गाडी गेल्यावर ते बराच वेळ स्टँडवरच्या वेळापत्रकाच्या फळ्याकडे पाहत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात मी तक्रार लिहायला बसलो. एका बाजूला कंपनीची यादी, दुसऱ्या बाजूला काकाजींची वही. साडेआठचं रीडिंग मला पाठ होतं, म्हणून मी वही कधी नीट उघडलीच नव्हती. उघडली तर मार्चाच्या त्या दिवसापासून पानं गच्च भरलेली. साडेआठ. साडेनऊ. साडेदहा. साडेअकरा. संध्याकाळी साडेसहापर्यंत दर तासाला रीडिंग. आणि पुढच्या आठवड्यापासून प्रत्येक वेळेला आकडे दोन. रकान्याच्या माथ्यावर लिहिलं होतं, 'माझा' आणि 'सौ.चा'. काकूंचा मोबाइल त्यांनी कपाटातून काढला होता. दोन भांडी ठेवली की एकाची चूक दुसऱ्यानं कळते, हे मला त्यांनी पावसाबद्दल कधीतरी सांगितलं होतं.

कंपनीची यादी मी बाजूला धरली. साडेदहा वाजून एक मिनिट. साडेअकरा. साडेबारा वाजून एक मिनिट. अडीच. साडेतीन. मी बोट ठेवत खाली खाली गेलो. ताई ज्या वेळी फोनवर नव्हती तेवढ्याच ओळी सुटत होत्या. माझ्या चार तासांच्या त्या दुपारी वहीत एकही रीडिंग नव्हतं आणि यादीत एकही ओळ नव्हती.

तुम्हाला समजेल असं सांगतो. स्पीड मोजणं म्हणजे नळ पूर्ण सोडून बादली किती वेळात भरते ते पाहणं. तेवढा वेळ घरातल्या दुसऱ्या नळाला पाणी येत नाही. काकाजी ओट्यावर बसून, आवाज न करता, दर तासाला दोन मोबाइलचे दोन नळ पूर्ण सोडत होते. आत मुलीच्या नळाची धार तुटत होती. तिनं आतून काळजीनं "गेली बाबा लाइन!" म्हटलं की ते पुन्हा मोजत होते, खरंच गेली का ते पाहायला. पाऊस मोजल्यानं कमी होत नाही. ही लाइन होते. मी त्यांना बटण दाबायला शिकवलं होतं, एवढं सांगायचं राहून गेलं होतं.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ताईला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं, लाइन गेली.

"भाऊ," मग ती म्हणाली, "मला वाटायचं ते बाहेर बातम्या पाहत बसतात." ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मग एकदम माझ्यासारखी, आर्णीसारखी बोलली, "बाबाले सांगू नका. कधीच सांगू नका."

"आन परवानगी?"

"एकदा रद्द झाली की वर्षभर नाही मिळत. नियमच आहे."

तीन दिवसांनी काकाजी वही न्यायला आले. मधल्या दिवसांचे आकडे त्यांनी चिठ्ठीवर लिहून ठेवले होते, ते वहीत उतरवायचे होते. चेहऱ्यावर थोडा आनंद होता. "भाऊ, पोरगी गेली आन लाइन सुधरली पाहा. अडतीसच्या खाली नाई. तुमी सांगा ना तिले, तुमी लाइनवाले, तुमचं आयकंन ते." मी "सांगतो" म्हणालो, टेबलावरची वही उचलून त्यांच्या पिशवीत घातली आणि मान खाली घालून वायर सोलत बसलो. ते गेल्यावर यादी फाडून टाकावी म्हणून शोधली. टेबलावर नव्हती, खणात नव्हती. ती मी वहीतच ठेवली होती.

मी धावत त्यांच्या घरापर्यंत गेलो. फाटकातून दिसलं की ते ओट्यावर चष्मा लावून बसले आहेत आणि वही मांडीवर मिटलेली आहे. काय सांगून मागायची, ते सुचेना. मी फाटकावरूनच परत आलो. असा भित्रेपणा मी आयुष्यात दुसरा केला नाही.

पुढचे पंधरा दिवस साडेआठला माझा फोन वाजला नाही. बायको म्हणाली, "हवामान खातं बंद पडलं काय?" मी तिच्यावर खेकसलो.

सोळाव्या दिवशी ते आले. पायरीवर बसले, पाणी मागितलं, अर्धा ग्लास प्यायले. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "भाऊ, तुमाले एक इचारतो. मोजल्यानं कमी होते काय?"

तेच वाक्य. शेकडो वेळा ऐकलेलं. पण ते हसत नव्हते, आणि ते उत्तरासाठी थांबले होते. काचेच्या मापातलं पाणी स्थिर व्हायची वाट पाहत असतील तसे माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"नाई काकाजी," मी म्हणालो. "मोजल्यानं कुठं कमी होते?"

"पक्कं?"

"पक्कं. वरूनच बिघाड होता तो. तुमचा काई संबंध नाई."

"बरं," ते म्हणाले. पिशवीतून वही काढली, काहीतरी लिहिलं, झाकण लावून पेन खिशाला अडकवलं. मला बरं वाटलं. म्हटलं, सुटलो. उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो त्याआधी कधी ठेवला नव्हता.

दिवाळीनंतर ताई येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. एका खोलीत दोघं राहतात, असं ऐकतो. जायच्या आदल्या दिवशी ते राउटर घेऊन दुकानात आले. कपड्यानं पुसून, वायरीची गुंडाळी करून आणला होता. बरोबर वही. "हे तुमच्याकडं राहू द्या. पण रद्दीत देऊ नका, नोंदवही जपून ठेवा लागते," म्हणाले. पुण्याच्या घरी लाइन कशी आहे, असं मी विचारलं. "अशीन चांगली," ते म्हणाले. "म्या पाह्यली नाई."

आता त्यांच्या घराला कुलूप आहे. गल्लीत हॉर्न वाजवत गाड्या जातात. साडेआठला अजून माझा हात फोनकडे जातो.

वही बरेच दिवस उघडायचा धीर झाला नाही. परवा उघडली. कंपनीची यादी सुईदोऱ्यानं शेवटच्या पानाला टाचलेली होती. मार्चापासूनच्या पानांवर दर तासाच्या रीडिंगपुढे शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईची बारीक खूण होती, जिथे वेळ जुळत होती तिथे. एकही खूण चुकलेली नव्हती. मी केलेलं काम त्यांनी पंधरा दिवस बसून केलं होतं, माझ्यापेक्षा नीट. खुणा संपतात त्याच्या खाली एकच ओळ आहे. त्यांनी दुकानात माझ्यासमोर लिहिलेली. तारीख आहे, वेळ आहे, आकड्याच्या रकान्यात आडवी रेघ आहे. शेऱ्यात लिहिलं आहे :

'लाइनवाले भाऊंना विचारले. नाही म्हणाले.'

आणि खाली, कचेरीत करत तशी, पूर्ण सही.